सुरक्षेच्या नोंदवहीवर सही माझी, मग जबाबदारी नेमकी कोणाची?

प्रश्न : रात्रपाळी_पर्यवेक्षक

नमस्कार. पुणे परिसरातील एका औद्योगिक वसाहतीत वाहनांचे पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी 9 वर्षे पर्यवेक्षक आहे. आमच्या प्रेस शॉपमध्ये 30 ते 100 टनांचे 22 पॉवर प्रेस (पत्रा दाबून आकार देणारी यंत्रे) आहेत. दोन्ही पाळ्या मिळून साधारण 140 माणसे काम करतात आणि त्यांपैकी 90 कंत्राटदाराकडून येतात. दोन महिन्यांपूर्वी रात्रपाळीत कंत्राटदाराच्या एका 21 वर्षांच्या मुलाची उजव्या हाताची दोन बोटे डायमध्ये (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यात) सापडली आणि कायमची गेली. त्याला कामावर येऊन तेव्हा 11 दिवस झाले होते.

त्यानंतर आठवड्याभरात व्यवस्थापकांनी मला एका ओळीचे पत्र दिले. आजपासून मी विभागाचा ‘सुरक्षा प्रमुख’ असून विभागातील सुरक्षेस मी जबाबदार राहीन, एवढेच त्यात लिहिले होते. माझा पगार, उत्पादनाचे टार्गेट आणि माझे अधिकार यांत काहीही फरक पडलेला नाही. प्रेस बंद करायचा झाला तर आजही मला उत्पादन प्रमुखांची परवानगी घ्यावी लागते. मात्र रोज सकाळी एका नोंदवहीवर ‘सर्व गार्ड तपासले, सुस्थितीत आहेत’ या छापील वाक्याखाली मी सही करायची आहे (गार्ड म्हणजे हात डायखाली जाऊ नये म्हणून लावलेले आवरण). भिंतींवर नवे फलक लागले, सर्वांना हातमोजे मिळाले आणि एका बाहेरच्या प्रशिक्षकाने दोन तासांचे व्याख्यान दिले. ‘धोका’ आणि ‘जोखीम’ यांत फरक असतो, असे त्यांनी अनेकदा सांगितले. पण तो फरक कळल्याने माझ्या प्रेसवर काय बदलायचे, हे माझ्या लक्षात आले नाही.

अपघाताच्या अहवालात ‘कामगाराने स्वतः गार्ड काढून निष्काळजीपणे हात आत घातला’ असे लिहिले आहे. तो अहवाल मी लिहिलेला नाही, परंतु साक्षीदार म्हणून माझी सही आहे. आता मालक सर्व प्रेसवर लाइट कर्टन (हात आत आला की यंत्राला थांबण्याचा इशारा देणारा प्रकाशकिरणांचा पडदा) बसवण्याचा विचार करत आहेत आणि तसे झाल्यास प्रश्न मिटेल, असे त्यांचे म्हणणे आहे.

उद्या पुन्हा कोणाचे बोट गेले, तर कायद्यापुढे मी उभा राहणार की मालक? कंत्राटदाराच्या माणसाची जबाबदारी कोणाची? आणि लाइट कर्टन बसवल्यावर खरोखर प्रश्न मिटतो का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर 1 : निवृत्त_सुरक्षा_अधिकारी

आधी आपल्या मनावरचे ओझे थोडे हलके करतो आणि मग थोडे वाढवतो, कारण दोन्ही आवश्यक आहे.

कारखान्याच्या कायद्यात ‘भोगवटादार’ हा शब्द कळीचा आहे. कारखान्याच्या कारभारावर ज्याचे अंतिम नियंत्रण असते तो भोगवटादार, आणि कारखाना कंपनीचा असेल तर तिच्या संचालकांपैकीच एकाला भोगवटादार मानले जाते. एखाद्या अधिकाऱ्याला ठराव करून भोगवटादार नेमावे आणि संचालकांनी मोकळे व्हावे, असा प्रयत्न पूर्वी अनेक कंपन्यांनी केला. 1996 साली जे. के. इंडस्ट्रीजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो मार्ग बंद केला. संचालकालाच ही जबाबदारी झटकता येत नसेल, तर ती एका ओळीच्या पत्राने प्रेस शॉपच्या पर्यवेक्षकाकडे कशी जाईल? कारखान्याचा नोंदणीकृत व्यवस्थापकही भोगवटादाराच्या जोडीने उत्तरदायी असतो. आपल्याला पत्र त्यांनीच दिले, हे लक्षात ठेवावे.

हे कर्तव्य कायद्यात स्पष्ट शब्दांत यायला मोठी किंमत मोजावी लागली. कारखाने अधिनियम 1948 चा. पण कामगारांची सुरक्षा, आरोग्य आणि कल्याण यांची काळजी घेणे हे भोगवटादाराचे सर्वसाधारण कर्तव्य आहे, असे सांगणारे कलम 7-अ त्यात आले ते 1987 च्या दुरुस्तीने, म्हणजे डिसेंबर 1984 च्या भोपाळ वायुकांडानंतर. यंत्रे सुरक्षित ठेवणे, ती चालवण्याची सुरक्षित पद्धत ठरवणे, माहिती, प्रशिक्षण आणि देखरेख पुरवणे, हे सर्व त्या कर्तव्यात येते. 21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामकाजाची स्थिती संहिता, 2020 लागू झाली असून जुने नियम तिच्याशी विसंगत नसतील तेवढ्यापुरते चालू आहेत. नव्या संहितेने कर्तव्याचा गाभा तोच ठेवला, दंड मात्र वाढवला. कर्तव्यात कसूर झाल्याने कामगाराला गंभीर इजा झाल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा 2 ते 4 लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात आणि दंडातील किमान निम्मी रक्कम जखमी कामगाराला देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. जुन्या कायद्यात अशा प्रसंगी दंडाची किमान रक्कम 5,000 रुपये होती.

‘सुरक्षा प्रमुख’ या पदनामाला कायद्यात स्थान नाही. कायद्याने नेमावा लागणारा सुरक्षा अधिकारी पूर्वी 1,000 कामगारांच्या कारखान्यात सक्तीचा होता. नव्या संहितेनुसार तो 500 आणि धोकादायक प्रक्रिया असल्यास 250 कामगारांवर सक्तीचा आहे. आपल्याकडे 140 आहेत. शिवाय सुरक्षा अधिकाऱ्याचे कामही मुळात सल्ला देण्याचे, तपासण्याचे आणि पाठपुरावा करण्याचे असते. सुरक्षा निर्माण करण्याची जबाबदारी ज्याच्या हाती पैसा आणि यंत्राचे बटण आहे त्याच्यावरच राहते. मी 31 वर्षे ही नोकरी केली आणि पहिली 5 वर्षे हे मलाच कळले नव्हते.

आता ओझे वाढवतो. जुन्या अधिनियमाच्या कलम 101 मध्ये भोगवटादाराला किंवा व्यवस्थापकाला एक बचाव दिलेला होता. आपण पुरेशी दक्षता घेतली होती आणि अमुक माणसाने आपल्या नकळत, आपल्या संमतीशिवाय गुन्हा केला, हे त्याने सिद्ध केले तर तो सुटतो आणि तो दुसरा माणूस दोषी ठरतो. आपली ती नोंदवही या बचावासाठी उत्तम पुरावा आहे. गार्ड नसताना ‘सर्व गार्ड सुस्थितीत’ याखाली आपण रोज सही करत असाल, तर आपण स्वतःविरुद्ध कागद तयार करत आहात. पर्यवेक्षक हाही कर्मचारीच असतो आणि असुरक्षित परिस्थिती दिसल्यास ती वरिष्ठांना कळवणे हे त्याचे कायदेशीर कर्तव्य आहे. म्हणून छापील वाक्य खोडा आणि जे दिसले तेच लिहा. त्याचबरोबर त्या पत्राला लेखी उत्तर द्या. जबाबदारी स्वीकारण्यास मी तयार आहे. मात्र गार्डविना चालणारा प्रेस कोणालाही न विचारता बंद करण्याचा अधिकार, रोज अमुक वेळ आणि दुरुस्तीसाठी अमुक रक्कम मला लेखी द्यावी, असे त्यात लिहा. पोच घ्यायला विसरू नका.

कंत्राटी कामगारांविषयी गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे. जुन्या अधिनियमातील ‘कामगार’ या शब्दात कंत्राटदारामार्फत आलेला माणूस तर येतच असे, पण मुख्य मालकाला माहीत नसताना आलेला आणि मोबदला न घेता काम करणाराही येत असे. त्या प्रेससमोर जो उभा आहे, तो भोगवटादाराचा कामगार आहे.

उत्तर 2 : टूलरूमवाला

पर्यवेक्षक साहेब, मी 26 वर्षे डाय बनवतो आणि बसवतो. कायद्याचे वरच्या साहेबांनी सांगितलेच आहे, मी फक्त प्रेसविषयी बोलतो. लाइट कर्टनची ऑर्डर देण्यापूर्वी एक गोष्ट तपासा : आपल्या प्रेसचा क्लच, म्हणजे फिरत्या चाकाची गती प्रेसला जोडणारा भाग, कोणता आहे?

रोलिंग की क्लचचा प्रेस असेल, तर पेडल दाबल्यावर ‘की’ (अडकवणारी खीळ) फिरून फ्लायव्हीलमध्ये (सतत फिरणाऱ्या जड चाकात) अडकते आणि रॅमची (डायवर वर-खाली होणाऱ्या भागाची) एक पूर्ण फेरी झाल्याशिवाय ती सुटत नाही. मध्येच थांबणे हा प्रकार त्या यंत्राला माहीत नाही. लाइट कर्टनचे काम काय? हात आत आला की ‘थांब’ असा इशारा देणे. जे यंत्र थांबूच शकत नाही, त्याला इशारा देऊन उपयोग काय? खाली निघालेला रॅम हात आत दिसला तरी खाली येणारच. मी असे लाइट कर्टन लावलेले जुने प्रेस पाहिले आहेत. तिथे समोर लाल दिवा लागतो, मालक पाहुण्यांना तो कौतुकाने दाखवतात आणि ऑपरेटर निर्धास्त होऊन हात आत घालतो. काहीच नसते तर तो निदान घाबरून राहिला असता.

हवेवर चालणारा फ्रिक्शन क्लच आणि ब्रेक असेल तर गोष्ट वेगळी. तो प्रेस मध्येच थांबतो, म्हणून तिथे लाइट कर्टन उपयोगी आहे, पण तो योग्य अंतरावर हवा. हाताचा वेग सेकंदाला सुमारे 2 मीटर धरतात. प्रेसला पूर्ण थांबायला 0.2 सेकंद लागत असतील तर पडदा डायपासून किमान 40 सेंटीमीटर दूर पाहिजे आणि वर थोडी भर घालावी लागते. ब्रेकचे लाइनर झिजले की थांबण्याचा वेळ वाढतो आणि कालचे पुरेसे अंतर आज अपुरे ठरते. म्हणून थांबण्याचा वेळ मोजण्याचे काम ठरावीक मुदतीने करावे लागते. विक्रेता हे सहसा सांगत नाही.

की क्लचच्या प्रेसवर खरा उपाय एकच : हात आत जाऊच नये. डाय पूर्ण झाकणारा पक्का गार्ड लावावा आणि त्याच्या फटी इतक्या बारीक ठेवाव्यात की पत्रा जाईल पण बोट जाणार नाही. आम्ही 6 मिलिमीटरचा नियम पाळतो. ज्या कामात गार्ड बसत नाही तिथे सरकती डाय करावी, घसरगुंडीने नग आत सोडावा किंवा लांब चिमटा अथवा चुंबकी उचलणी द्यावी. दोन हातांची बटणे चांगलीच, पण ती फक्त बटण दाबणाऱ्याचे हात वाचवतात. पलीकडून नग काढणाऱ्या हेल्परचे हात मोकळेच राहतात, आणि तुमच्याकडे बोटे गेलेला तो मुलगा बहुधा हेल्परच असणार. एका बटणात लाकडी पाचर ठोकून दुसऱ्या हाताने काम करणारे महाभाग मी प्रत्येक शॉपमध्ये पाहिले आहेत.

आणखी एक भीती की क्लचचीच आहे. कीची स्प्रिंग थकली किंवा तुटली की पेडल न दाबता रॅम दुसऱ्यांदा खाली येतो. आमच्या भाषेत ‘प्रेस डबल मारतो’. ऑपरेटर सांगतो, मेंटेनन्सवाला येतो, थोडे तेल घालतो आणि जातो. प्रेस डबल मारला आणि कोणाला लागले नाही, तर ती घटना कुठेच लिहिली जात नाही. माझ्या मते तुमच्या नोंदवहीत सर्वांत आधी ही नोंद यायला हवी, कारण बोट जाण्याआधी यंत्राने दिलेली ती सूचना असते.

प्रशिक्षकांचा धोका आणि जोखीम यांचा फरक मी असा समजतो. 60 टनांनी मिटणारी डाय हा धोका. तो प्रेस कुलूप लावलेल्या खोलीत बंद उभा असेल तर धोका तेवढाच आहे, जोखीम जवळजवळ नाही. तोच प्रेस मिनिटाला 12 नग काढू लागला आणि प्रत्येक नगाला हात आत गेला, तर 8 तासांत हात 5,760 वेळा डायखाली जातो. त्यात रात्रीचे 3 वाजलेले, माणूस नवा आणि टार्गेट अपुरे. धोका तोच, जोखीम मात्र कितीतरी वाढली. आता यातले काय बदलता येते ते पाहा. हात आत जाण्याचे 5,760 प्रसंग शून्यावर आणले तर थकवा, नवखेपणा, झोप यांचा हिशेबच करावा लागत नाही. फलक लावला तर ते 5,760 तसेच राहतात. हातमोज्यांनी पत्र्याच्या धारेपासून हात वाचतो, 60 टनांपासून नाही. आणि ड्रिलिंग मशीनवर कोणाला हातमोजे दिले असतील तर ते आजच काढून घ्या, फिरत्या ड्रिलमध्ये मोजा अडकला तर तो हातालाही ओढून नेतो.

डाय बदलताना मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावण्याची पद्धत सुरू करा आणि किल्ली डाय बसवणाऱ्याच्या खिशात राहू द्या. याला लॉकआउट म्हणतात. आमच्याकडे युनियनच्या एका जुन्या सभासदाने हा शब्द ऐकताच टाळेबंदीची सूचना आली असे समजून सर्वांना गेटवर जमवले होते, तेव्हा आधी नीट समजावून सांगा. स्विच बंद केल्यावरही फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहते. ते पूर्ण थांबल्यावर रॅमखाली सेफ्टी ब्लॉक ठेवून मगच हात आत घालावा.

शेवटी मला विचारायचे आहे की त्या रात्री गार्ड का काढलेला होता? ‘निष्काळजीपणे’ हे उत्तर मी मानत नाही. 11 दिवसांच्या पोराला गार्ड काढायला पाना कोणी दिला?

रात्रपाळी_पर्यवेक्षक

दोघांचेही आभार. आज मी सर्व प्रेस पाहिले. 22 पैकी 17 रोलिंग की क्लचचे आहेत आणि 5 हवेचे. म्हणजे लाइट कर्टनचा विचार झाला तर तो पाचच यंत्रांपुरता होऊ शकतो.

टूलरूमवाले साहेबांच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मला फार लांब जावे लागले नाही. त्या डायमध्ये नग चिकटतो. चिकटलेला नग काढायचा तर गार्डचे दोन बोल्ट पान्याने सोडवावे लागतात आणि पुन्हा आवळावे लागतात. एका पाळीत असे दहा-बारा वेळा होते. गार्ड त्या मुलाने काढला नव्हता. तो आधीच्या पाळीतच काढून भिंतीला टेकवून ठेवलेला होता. रात्री 11 वाजता फेरी मारताना मी तो तिथे पाहिला होता आणि पुढे गेलो होतो, कारण त्या नगाची गाडी पहाटे निघणार होती. हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

उत्तर 3 : भरपाई_दावे_वकील

आपण हे लिहिलेत ते बरे केलेत, कारण अपघात अहवालातील त्या एका वाक्याचा परिणाम त्या मुलाच्या पुढच्या आयुष्यावर होऊ शकतो. मी कामगारांच्या भरपाईचे दावे चालवते आणि अशी वाक्ये रोज वाचते.

पहिला प्रश्न असा की त्या मुलाची राज्य कामगार विमा योजनेत नोंद होती का? दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराची नोंद बंधनकारक आहे. मालकाचा हप्ता वेतनाच्या 3.25 टक्के आणि कामगाराचा 0.75 टक्के असतो. कंत्राटी कामगारांचा हप्ता भरण्याची प्राथमिक जबाबदारी मुख्य मालकाची असून तो नंतर कंत्राटदाराकडून वसूल करू शकतो. आजारपणाच्या लाभासाठी काही काळ हप्ते भरलेले असावे लागतात; कामावरील इजेसाठी मात्र तशी अट नाही, कामाच्या पहिल्या दिवसापासून संरक्षण असते. म्हणून 11 दिवस ही अडचण नाही. तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात सरासरी दैनिक वेतनाच्या 90 टक्के रक्कम मिळते आणि कायमच्या अपंगत्वाचे प्रमाण वैद्यकीय मंडळ ठरवते.

नोंद नसेल तर कर्मचारी नुकसानभरपाईची तरतूद लागू होते. ती मूळ 1923 च्या कायद्यातील असून आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावली आहे. त्या कायद्याच्या अनुसूचीत एका हाताची दोन बोटे गेल्यास मिळकतक्षमतेची हानी 20 टक्के धरली जाते आणि अंगठा गेल्यास 30 टक्के. ही भरपाई मालकाची चूक सिद्ध करण्यावर अवलंबून नाही. कामगाराचा साधा निष्काळजीपणाही तिच्या आड येत नाही. परंतु इथे एक अपवाद आहे आणि तो नेमका आपल्या अहवालात येऊन बसला आहे. कामगारांच्या सुरक्षेसाठी आहे हे माहीत असलेला गार्ड कामगाराने जाणूनबुजून काढला आणि त्यामुळे इजा झाली, तर मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व सोडून इतर इजांची भरपाई नाकारता येते. ‘कामगाराने स्वतः गार्ड काढून’ हे शब्द अहवाल लिहिणाऱ्याने अजाणता लिहिले असतील असे मला वाटत नाही.

आपण साक्षीदार आहात आणि वस्तुस्थिती वेगळी होती असे आता म्हणत आहात. तर ती लेखी, तारखेसह, व्यवस्थापनाला कळवा : गार्ड आधीच्या पाळीत काढलेला होता, नग चिकटत होता, त्या मुलाला प्रेसचे प्रशिक्षण दिल्याची नोंद होती किंवा नव्हती. स्वतःने काय पाहिले तेही लिहा. आपल्याला त्याचा त्रास होणार नाही, असे खोटे आश्वासन मी देणार नाही. मात्र पुढे साक्षीसाठी बोलावणे आले आणि तेव्हा प्रथमच हे बोललात, तर दोन्ही बाजूंचे वकील आपल्याला विचारतील की इतके दिवस गप्प का होता.

अपघाताची सूचनाही तपासा. इजेमुळे कामगार 48 तास किंवा अधिक काळ कामावर येऊ शकला नाही, तर ती औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला द्यावी लागते. कंत्राटदाराने दिली असेल, असे उत्तर आले तर ते पुरेसे मानू नका.

उत्तर 4 : लघुउद्योजक_प्रेसशॉप

माझे स्वतःचे 8 प्रेसचे युनिट आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. मोठ्या कंपन्या आमच्याकडून दर वर्षी भाव कमी करून मागतात आणि त्याच वेळी त्यांचे लेखापरीक्षक येऊन सुरक्षेच्या 60 मुद्द्यांची यादी देतात. की क्लच काढून हवेचा क्लच बसवायचा तर प्रत्येक प्रेसमागे मोठा खर्च आहे. कामगारही गार्ड ठेवू देत नाहीत, नग कमी निघतात म्हणून. सगळे मालक निर्दयी असतात असे इथे गृहीत धरले जात आहे, ते मला मान्य नाही.

निवृत्त_सुरक्षा_अधिकारी

आपले दराबद्दलचे म्हणणे खरे आहे आणि त्यावर सुरक्षेच्या मंचांवर फार कमी बोलले जाते. माल घेणाऱ्या कंपनीने दर ठरवताना गार्डचा खर्च धरावा, असे मीही बैठकांत मांडले आहे आणि फारसे यश आलेले नाही. परंतु कामगार गार्ड ठेवू देत नाहीत, हे म्हणणे जरा उलगडून पाहावे. नगामागे पैसे मिळत असतील आणि गार्डमुळे नग कमी निघत असतील, तर गार्ड काढण्याचे पैसे आपणच देत आहोत. तो दर कामगाराने ठरवलेला नाही. वरच्या उदाहरणात 17 क्लच बदलण्याची गरजही नव्हती. नग चिकटत होता आणि गार्ड उघडायला पाना लागत होता. डायमध्ये नग वर ढकलणारी स्प्रिंगची पिन बसवणे आणि गार्डला बिजागरी लावून तो उघडा असताना पेडल दाबलेच जाणार नाही अशी अडकवण करणे, ही कामे कारखान्याच्या टूलरूममध्येच होतात.

उत्तर 5 : व्यवसायजन्य_आरोग्य_डॉक्टर

चर्चा बोटांभोवती फिरते आहे, ते स्वाभाविक आहे. परंतु 22 प्रेस चालणाऱ्या शेडमधील प्रत्येकाचे कानही हळूहळू जात असतात आणि तो अपघात कोणत्याच नोंदवहीत येत नाही. नियमानुसार 8 तासांसाठी आवाजाची मर्यादा 90 डेसिबल आहे. 95 डेसिबलला ती 4 तासांवर येते आणि 100 ला 2 तासांवर. शेजारी उभ्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर आवाज मोजून घ्यावाच. आवाजामुळे येणारा बहिरेपणा प्रथम 4,000 हर्ट्झच्या आसपास दिसतो. नेहमीचे संभाषण त्या काळात नीट ऐकू येत असल्याने माणसाला स्वतःला काही कळत नाही, आणि घरचे लोक दूरदर्शनचा आवाज मोठा केल्याची तक्रार करू लागतात तेव्हा उशीर झालेला असतो. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा कायद्याने कळवावयाच्या रोगांच्या यादीत आहे. कामावर घेताना आणि त्यानंतर दर वर्षी श्रवणचाचणी करावी आणि ती कंत्राटी कामगारांचीही व्हावी. पर्यवेक्षक महोदय, आपली 9 वर्षे झाली आहेत, तेव्हा पहिली चाचणी स्वतःची करून घ्या.

रात्रपाळी_पर्यवेक्षक

सर्वांना उत्तर देण्यास तीन आठवडे लागले, क्षमस्व.

त्या मुलाची विमा योजनेत नोंद होती, पण ती अपघाताच्या दुसऱ्या दिवशीच्या तारखेने झालेली आहे. वकील ताईंच्या सांगण्याप्रमाणे मी माझे निवेदन लेखी दिले आणि पोच घेतली. भिंतीला टेकवलेला गार्ड मी पाहिला होता, हेही त्यात लिहिले आहे. व्यवस्थापक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी संचालकांनी मला बोलावले आणि मी त्यांना भोगवटादाराविषयी येथे वाचलेले सांगितले. ते त्यांना माहीत होते, कारण कारखान्याच्या परवान्यावर त्यांचेच नाव आहे. प्रेस बंद करण्याचा अधिकार मला लेखी मिळाला आहे. स्वतंत्र वेळ मिळालेला नाही. लाइट कर्टन फक्त 5 हवेच्या प्रेसवर बसणार आहेत, आणि त्यासाठी आधी ब्रेक तपासले जाणार आहेत.

चिकटणाऱ्या डायमध्ये स्प्रिंगची पिन बसवली. नग आता सुटून येतो आणि त्या प्रेसवरचा गार्ड गेल्या 12 दिवसांत कोणी काढलेला नाही. श्रवणचाचणीत माझ्या दोन्ही कानांत 4,000 हर्ट्झला खळगा (ऐकण्यातील घट) निघाला.

नोंदवहीतील छापील वाक्य मी खोडतो आणि त्याखाली गार्डविना आढळलेल्या प्रेसची संख्या लिहितो. पहिल्या दिवशी ती 9 होती. तो रकाना रिकामा ठेवता येईल का, असे मला विचारण्यात आले, तेव्हा मी त्या 9 यंत्रांचे क्रमांकही शेजारी लिहिले. आज सकाळी ती संख्या 4 होती, आणि त्यांपैकी 2 प्रेस मी बंद ठेवले आहेत.